पाणी वाहणाऱ्याचे चित्र

जुन्या क्लबांच्या, विश्रामगृहांच्या आणि कचेऱ्यांच्या भिंतींवर एका ठरावीक प्रकारची चित्रे आढळतात. काळ्या चौकटीत, पिवळसर पडलेल्या कागदावर एकच माणूस उभा असतो. त्याच्या हातात त्याच्या धंद्याचे हत्यार असते, मागे दूरवर एखादे झाड किंवा बंगला असतो, आणि तळाशी धंद्याचे नाव असते : धोबी, न्हावी, पालखीचा भोई, हुक्केबरदार, भिस्ती. नोकरीनिमित्त प्रांतोप्रांती हिंडणाऱ्या आपल्यासारख्यांची या चित्रांशी गाठ बहुधा बैठक सुरू होण्याची वाट पाहताना पडते. आणि बैठक सुरू झाली की ती विसरली जातात. शोभेच्या वस्तूंचे भाग्य एवढेच असते. परंतु ही चित्रे शोभेची म्हणून न पाहता एखाद्या दप्तरासारखी वाचली, तर पुष्कळ काही सांगतात. आणि तसे वाचावयास बंगळूरच्या शिवाजीनगराइतकी योग्य जागा क्वचितच सापडेल. कारण ज्या लोकांची ही चित्रे आहेत, त्यांच्याच श्रमावर हा भाग वसला, वाढला आणि आजही चालतो.

शहरातल्या फेरीवाल्यांची आणि कष्टकऱ्यांची चित्रे कोरून विकण्याची प्रथा युरोपात फार जुनी आहे. अनीबाले कारात्ची या इटालियन चित्रकाराने बोलोन्या शहरातल्या धंदेवाल्यांची जी रेखाचित्रे काढली होती, त्यांवरून कोरलेली 80 चित्रे त्याच्या मृत्यूनंतर, 1646 साली प्रसिद्ध झाली. पुढे 1687 मध्ये मार्सेलस लरून याने लंडनच्या रस्त्यांवरील विक्रेत्यांची चित्रमाला काढली. तिचे नावच 'लंडनच्या आरोळ्या' या अर्थाचे होते, आणि चित्राखाली त्या त्या विक्रेत्याची आरोळी छापलेली असे. ही गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी आहे. लंडनच्या चित्रातला माणूस गरीब असेल, फाटका असेल, पण तो मुका नाही. चित्र पाहणाऱ्याला त्याचा आवाज ऐकू येतो. हीच प्रथा जहाजात बसून हिंदुस्थानात आली तेव्हा वाटेत आरोळी गळाली, आणि तिच्या जागी जातीचे व धंद्याचे नाव येऊन बसले.

हिंदुस्थानात हे काम सर्वांत मोठ्या प्रमाणावर केले ते बाल्थाझार सॉल्विन्स याने. हा मूळचा अँटवर्पचा. 1791 साली तो कलकत्त्यास आला आणि गोऱ्या साहेबांच्या गाड्या व पालख्या रंगवून पोट भरू लागला. कंपनीच्या मोठ्या अधिकाऱ्यांच्या पंक्तीला बसण्याइतकी त्याची पत नव्हती. म्हणूनच कदाचित त्याची नजर पालखीत बसणाऱ्यापेक्षा पालखी वाहणाऱ्याकडे अधिक गेली. 250 चित्रांचा संग्रह काढण्याचा संकल्प त्याने 1794 मध्ये जाहीर केला आणि 1799 पर्यंत तो पुरा केला. नोकरचाकर, कारागीर, संन्यासी, वादक, होड्या, गाड्या, हुक्के असे सारे त्यात आले. पुस्तक फारसे खपले नाही. नंतर 1808 ते 1812 या काळात त्याने पॅरिसमध्ये चार मोठे खंड काढले. तेही त्याला बुडवूनच गेले. मधल्या काळात लंडनच्या एडवर्ड ऑर्म या प्रकाशकाने त्याची 60 चित्रे परस्पर उचलून, रंग उजळ करून आणि आकृत्या नीटनेटक्या करून छापली. तो संग्रह मात्र लोकांना आवडला.

हे दोन संग्रह शेजारी शेजारी ठेवून पाहिले म्हणजे कोरीव चित्र कसे बोलते ते समजू लागते. सॉल्विन्स स्वतःच तांब्याच्या पत्र्यावर कोरीत असे. पत्र्यावर मेणाचा थर द्यावयाचा, त्यावर सुईने रेघा ओढावयाच्या आणि मग पत्रा तेजाबात बुडवावयाचा; जेथे मेण निघाले असेल तेथे तेजाब तांबे खाते, आणि त्या खाचेत शाई बसते. सावळी कातडी दाखवावयाची तर एकावर एक आडव्या-उभ्या रेघांचे जाळे विणावे लागते. सॉल्विन्सच्या आकृत्या त्यामुळे काहीशा काळवंडलेल्या, जड आणि उदास दिसतात. ऑर्मच्या कारागिरांनी हिंदुस्थान पाहिलेला नव्हता. त्यांनी हे जाळे विरळ केले, चेहरे गोंडस केले, कपडे धुऊन काढले. ज्याने माणूस डोळ्यांसमोर उभा करून पाहिला त्याच्या रेघेत माणसाचा थकवा उतरला. ज्याने चित्रावरून चित्र केले त्याच्या हाती पोशाख तेवढा राहिला. ग्राहकाने पोशाख पसंत केला, यात नवल ते काय!

ही रीत केवळ परक्यांचीच होती असे मात्र समजू नये. भोसल्यांच्या तंजावरात, विशेषतः सरफोजी राजांच्या काळात, तेथील चित्रकार साहेबलोकांच्या मागणीवरून जातींची आणि धंद्यांची चित्रे जोडीजोडीने काढून देत : कुंभार आणि कुंभारीण, विणकर आणि त्याची बायको, प्रत्येकाच्या हाती आपापले साधन. त्यात रंग सुरेख आहेत, दागिने बारकाईने काढले आहेत. पण कुंभाराचा चेहरा विणकराला लावला तरी काही बिघडत नाही. चेहऱ्याशी कोणाला कर्तव्य नव्हते. गिऱ्हाइकाला हवी होती ती यादी.

या यादीतला भिस्ती आपण जवळून पाहू. सॉल्विन्सच्या नोकरवर्गात तो आहे, आणि त्याच्यानंतरच्या बहुतेक प्रत्येक संग्रहात आहे. त्याच्या पाठीवर बकऱ्याच्या सबंध कातड्याची मशक असते. तिचा चामडी पट्टा खांद्यावरून घेतलेला असतो, आणि मशकेचे तोंड एका हातात घट्ट धरलेले असते. तो हात सैल सोडला की पाणी वाहते, आवळला की थांबते. भरलेल्या मशकेच्या ओझ्याने अंग कमरेत वाकते आणि ते सावरण्यासाठी मान पुढे येते. चित्रकाराने भिस्ती म्हणून सरळ ताठ माणूस उभा केला असेल, तर मशक रिकामी आहे किंवा चित्रकाराने माणूस पाहिलेला नाही, असे खुशाल समजावे. त्यानंतर पाय पाहावेत. ते अनवाणी असतात आणि चालताना सांडलेल्या पाण्याने वाट ओली झालेली असते. पाणी वाहणाऱ्याला दिवसभर चिखलात चालावे लागते, ही गोष्ट ग्रंथात कोणी लिहून ठेवत नाही. ती पायांपाशीच शोधावी लागते.

'भिस्ती' हा शब्द फारशी 'बिहिश्त' म्हणजे स्वर्ग यावरून आला. तहानेल्याला पाणी देणारा तो स्वर्गीय पुरुष! दक्षिणेकडे आणि आपल्या मुलखात मात्र दुसरा शब्द अधिक रुळला, तो म्हणजे पखाल. मशक माणसाच्या पाठीवर. पखाल बैलाच्या अथवा रेड्याच्या पाठीवर, दोन्ही बाजूंना लोंबणारी. दुखणे रेड्याचे आणि डाग पखालीला, या अर्थाची म्हण आपल्यापैकी बहुतेकांनी घरीच ऐकली असेल; आणि कचेरीत तिचा प्रत्यय तर वारंवार येतो. हाच शब्द इंग्रजांच्या लष्करी कागदांत शिरला. मद्रासच्या फौजेत पलटणींबरोबर पखालवाले नेमलेले असत आणि त्यांच्यासाठी इंग्रजीत 'पकाली' असा शब्द रूढ झाला होता. पलटण जेथे जाईल तेथे हा माणूस आणि त्याचा बैल मागोमाग जात.

अशीच एक मोठी छावणी 1809 मध्ये बंगळूरास आली. टिपूच्या पाडावानंतर इंग्रजांची फौज श्रीरंगपट्टणात होती. तेथील हिवतापाने ती बेजार झाली, तेव्हा हलसूरच्या आसपासची उंच, कोरडी जमीन निवडून तेथे लष्कर हलविण्यात आले. बराकी, कवायतीचे मैदान, बंगले आखून झाले. पण शिपायाला भाकरी, घोड्याला गवत, साहेबाला आंघोळीचे पाणी आणि धुतलेले कपडे लागतात. आणि ते पुरविणारे लोक आखणीत नसले तरी जवळपास असावेच लागतात. तमिळ मुलखातून, तेलुगू मुलखातून, दख्खनी मुसलमानांतून असे लोक येऊन ज्या वस्तीत दाटले ती ब्लॅकपल्ली. पांढऱ्या तांदळाची वाडी या अर्थाच्या 'बिळी अक्की पळ्ळी' या कानडी नावाचा तो अपभ्रंश, असे काही सांगतात. ब्लॅकिस्टन नावाच्या लष्करी इंजिनियरावरून ते नाव पडले, असे दुसरे सांगतात. ते काही असो. आज तिला शिवाजीनगर म्हणतात, आणि ते नाव कानी पडले की मराठी माणसाचे मन साहजिकच शहाजी राजांकडे जाते.

बंगळूर 1638 पासून शहाजी राजांच्या जहागिरीचे ठाणे होते. त्यांच्या दरबारचे वर्णन जयराम पिंड्ये याच्या 'राधामाधवविलासचंपू' या काव्यात आले आहे, आणि राजवाड्यांनी ते 1922 मध्ये संपादून प्रसिद्ध केल्यापासून आपण ते अभिमानाने वाचतो. त्यात नाना भाषांचे कवी आपापल्या नावानिशी येतात. दरबारात पाणी कोणी भरले, हे जयरामही सांगत नाही. तात्पर्य, विसरण्याची ही खोड एकट्या इंग्रजांची नव्हे. इतिहासाने नावानिशी लक्षात ठेवलेला पाणक्या एकच : 1539 मध्ये चौसाच्या लढाईनंतर गंगेत बुडणाऱ्या हुमायून बादशहाला आपल्या मशकेच्या आधाराने तारणारा निजाम भिस्ती. त्याबद्दल त्याला काही काळ तख्तावर बसावयास मिळाले, असे सांगतात. नाव राहण्यासाठी पाणक्याला बादशहा वाचवावा लागला. हजारोंची तहान भागविणे पुरेसे झाले नाही.

छावणीच्या नळापूर्व काळात पाणी म्हणजे हलसूरचा तलाव, मिलरची तळी आणि विहिरी. तेथून घरोघर, बराकीबराकीत ते पखालींनी जाई. सोवळ्याच्या घरात चामड्याचे पाणी चालत नसे, तेथे घागरी आणि कावडी. म्हणजे एकाच गल्लीत कोणाच्या दारी काय उतरते, यावरून त्या दारामागचा धर्म, जात आणि ऐपत ही तिन्ही कळत. रस्त्यावर धूळ बसावी म्हणून जो सडा पडे, तोही चामड्याच्या तोंडातूनच. आणि त्या सड्यावरून मात्र सगळेच चालत. आजही त्या भागातून हिंडताना रस्त्यांची नावे वाचावीत. इन्फंट्री रोड आहे. कॅव्हलरी रोडचा कामराज रोड झाला. मीनाक्षी कोइल स्ट्रीट, इब्राहिम साहेब स्ट्रीट, नारायण पिळ्ळै स्ट्रीट यांतून देवळे आणि प्रतिष्ठित गृहस्थ राहिले. याच बाजूला एक ओल्ड पूअर हाउस रोडही आहे. निराश्रितांचे आश्रयस्थान केव्हाच गेले, नाव उरले. हे नाव आपल्याला दुसऱ्या एका कोरीव चित्राकडे घेऊन जाते, आणि त्या चित्राखाली बंगळूरचेच नाव आहे.

'इलस्ट्रेटेड लंडन न्यूज' या साप्ताहिकाच्या 20 ऑक्टोबर 1877 च्या अंकात हे चित्र आले. विषय : हिंदुस्थानातील दुष्काळ, बंगळूर येथे मदतीची वाट पाहणारे 'नेटिव्ह'. त्या काळी छायाचित्र मजकुराबरोबर थेट छापता येत नसे. छायाचित्रावरून किंवा रेखाटनावरून कठीण लाकडाच्या ठोकळ्यावर चित्र कोरीत. मोठे चित्र असले तर ठोकळ्याचे तुकडे करून निरनिराळ्या कारागिरांत वाटीत आणि शेवटी पुन्हा जोडीत. म्हणजे बंगळूरच्या भुकेल्यांची शरीरे लंडनमध्ये बसलेल्या माणसांनी लाकडात कोरली. सॉल्विन्सच्या भिस्तीकडून या चित्राकडे वळले की एक फरक चटकन डोळ्यांत भरतो. तेथे माणूस एकटा होता, येथे गर्दी आहे. तेथे माणसाचे नाव नसले तरी धंद्याचे नाव होते. येथे तेही उरलेले नाही. कोण विणकर, कोण गवत कापणारा, कोण पाणी वाहणारा, हे विचारण्याचे कारणच संपले होते. तळे आटल्यावर पखालवाला कोण राहतो? जो वाट पाहतो तो केवळ 'नेटिव्ह'.

1876 च्या पावसाने दगा दिला होता. म्हैसूर संस्थानचा कारभार तेव्हा इंग्रज कमिशनरांच्या हाती होता. रेल्वे बंगळूरपर्यंत 1864 मध्येच आली होती आणि तिने धान्य येतही होते. पण धान्य येणे आणि ते विकत घेण्यास हाती पैसा असणे या दोन भिन्न गोष्टी होत. खेड्यापाड्यांतून लोक शहराकडे, छावणीकडे लोटले. 1871 च्या खानेसुमारीत म्हैसूर संस्थानची लोकसंख्या 50 लाख 55 हजारांवर होती. 1881 मध्ये ती 41 लाख 86 हजारांवर आली. दहा वर्षांत वाढ व्हावयाची ती राहिलीच, उलट साडेआठ लाखांहून अधिक माणसे कमी झाली. चित्रातली गर्दी या आकड्यापुढे मूठभरच म्हणावयाची.

आपल्या वाचकांपैकी पुष्कळांचा व्यवसाय लक्षात घेता, या दुष्काळातला एक वाद येथे सांगणे आवश्यक वाटते. हिंदुस्थान सरकारने सर रिचर्ड टेंपल यांना पाहणीसाठी दक्षिणेत पाठविले. खर्च वाचविण्याच्या सक्त सूचना त्यांना होत्या. 1877 च्या आरंभी त्यांनी दुष्काळी कामावरच्या मजुराची मजुरी दिवसाला एक पौंड धान्य आणि वर किरकोळ पैसे, इतकी उतरविली. मद्रासचे आरोग्याधिकारी डॉक्टर कॉर्निश यांनी हरकत घेतली. मातीकाम करणाऱ्या माणसाचे शरीर एवढ्यावर तगत नाही, हे त्यांनी लेखी, निक्षून आणि पुन्हा पुन्हा मांडले. दोघेही सरकारी नोकर. दोघांसमोर तीच माणसे. एकाने बेरीज पाहिली, दुसऱ्याने बरगड्या मोजल्या. मद्रास सरकारला काही महिन्यांतच मजुरी वाढवावी लागली. पण मधल्या महिन्यांत जे गेले ते गेले.

त्याच सुमारास मुंबई इलाख्यात मजुरी घटविताच दुष्काळी कामांवरच्या मजुरांनी हजारोंच्या संख्येने कामे सोडली, आणि पुण्याच्या सार्वजनिक सभेने त्यांचे गाऱ्हाणे सरकारपुढे मांडले. सभेचे चिटणीस गणेश वासुदेव जोशी हे त्यात पुढे होते. जोतीराव फुल्यांच्या सत्यशोधक समाजाने धनकवडीला अनाथ मुलांसाठी अन्नछत्र चालविले. उपाशी माणूस काम सोडतो, ही गोष्ट टेंपलसाहेबांच्या हिशेबात बसणारी नव्हती. यादीतल्या माणसाने यादीबाहेर पाऊल टाकले होते. लंडनच्या चित्रातली ती गळालेली आरोळी, म्हणावयाची तर, येथे ऐकू आली.

इकडे बंगळूरात दुष्काळानंतर छावणीसाठी सँकीचा तलाव 1882 मध्ये झाला, आणि दिवाण शेषाद्री अय्यर यांच्या कारकिर्दीत, 1890 नंतरच्या दशकात, हेसरघट्टचे पाणी नळाने शहरात आले. 1933 मध्ये तिप्पगोंडनहळ्ळीची त्यात भर पडली. ज्या वर्षी शिवाजीनगरच्या रसेल मार्केटचे उद्घाटन झाले, ते हेच वर्ष. आता घराघरांत तोटी आली, आणि पखालवाला रस्त्यावरून आणि यादीतून हळूहळू नाहीसा झाला. त्याचा निरोप समारंभ झाला नाही. 1947 च्या जुलैत छावणीचा मुलूख इंग्रजांनी म्हैसूरला परत केला, 1949 मध्ये छावणी आणि जुने शहर मिळून एक महापालिका झाली, 1974 पासून कावेरीचे पाणी शंभरएक किलोमीटरांवरून उपसून येऊ लागले; या सगळ्यांच्या नोंदी आहेत.

आणि तरीही पाणी वाहणारा माणूस संपला असे म्हणवत नाही. 2024 च्या उन्हाळ्यात बंगळूरच्या विंधनविहिरी आटल्या, तेव्हा टँकरचे दर सरकारला ठरवून द्यावे लागले. पखालीचे पोलादी पिंप झाले, रेड्याची मोटार झाली. पहाटे नळी खांद्यावर टाकून जिन्याखालच्या टाकीपर्यंत ओढत नेणारा माणूस मात्र पूर्वीइतकाच वाकतो. त्याच पहाटे रसेल मार्केटभोवती कोणी झाडत असतो, कोणी मासळीच्या पाट्या उतरवीत असतो, कोणी हातगाडी लोटत असतो. तमिळ, दख्खनी, कानडी अशा तिन्ही भाषांत त्यांच्या आरोळ्या चाललेल्या असतात. सॉल्विन्सच्या पत्र्याला ज्या ऐकू आल्या नाहीत, त्या आपल्याला सहज ऐकू येतात.

धंद्यावरून माणूस ओळखण्याची ही दृष्टी आपल्याकडे चित्रांतून आली, की कारभारातून चित्रांत गेली, हे सांगणे कठीण आहे. दोन्ही एकमेकांना पोसत राहिल्या, एवढे खरे. खानेसुमारीचे रकाने, पगारपत्रके, हजेरीपट, कंत्राटांच्या फायली ही सारी त्या चित्रसंग्रहांचीच भावंडे होत. त्यांच्यावाचून राज्य चालत नाही, हे आम्हीही जाणतो. रकाना नसता तर 1881 चा आकडा आपल्याला मिळाला नसता आणि साडेआठ लाख माणसे कमी झाली हेही कधी कळले नसते. यादी करणे हा दोष नाही. यादी पुरी झाली की माणूसही कळला, असे मानणे हा दोष आहे. डॉक्टर कॉर्निश यांच्यासमोरही आकडेच होते. त्यांनी आकडा वाचल्यावर पुन्हा एकदा माणसाकडे पाहिले, एवढेच. फाइलीवरचा त्यांचा तो शेरा काही हजार लोकांच्या ताटात अर्धा पौंड धान्य घेऊन गेला असेल, तर शेऱ्याचे याहून मोठे सार्थक ते कोणते?

म्हणून भिंतीवर भिस्तीचे चित्र पुन्हा दिसले, तर खालचे नाव शेवटी वाचावे. आधी पाय पाहावेत, मग मशकेचे तोंड आवळून धरणारी मूठ पाहावी, मग मान. मशक भरलेली आहे की रिकामी, हे ठरवावे. एवढे पाहून झाल्यावर बैठकीला जाण्यास हरकत नाही. विषयपत्रिकेत पाणीपुरवठा आणि रोजंदारीवरचे कामगार ही कलमे बहुधा असतातच.